‘कुली’ : एका शब्दाची बुडवलेली मजुरी

(कामगार अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

आगगाडी मोठ्या स्थानकात शिरली की उतारूंच्या तोंडून पहिली हाक निघे ती ‘कुली!’ अशी. चाकांच्या बॅगा आणि सरकते जिने आल्यापासून ती हाक विरळ झाली असली, तरी पुरती थांबलेली नाही. अंगात लाल सदरा, दंडावर पितळी बिल्ला, डोक्यावर फडक्याची चुंबळ, हा माणूस साऱ्या देशाच्या ओळखीचा आहे. त्याला हाक मारणाऱ्याच्या मनात बहुधा कोणताही दुष्ट हेतू नसतो. १९८३ साली मनमोहन देसाई यांनी याच नावाचा चित्रपट काढला, अमिताभ बच्चन यांनी त्यात ७८६ क्रमांकाचा बिल्ला दंडाला बांधला, आणि प्रेक्षकांनी त्या नावाला टाळ्यांची दाद दिली. परंतु हाच शब्द दरबानमध्ये एखाद्या भारतीय वंशाच्या माणसाला उद्देशून उच्चारला, तर तो घोर अपमान ठरतो. दक्षिण आफ्रिकेत ती सरळ शिवी आहे. त्रिनिदाद, गयाना, जमैका या देशांतही त्या शब्दात जुन्या जखमेची ठणक आहे.

एकच शब्द एका किनाऱ्यावर साधी हाक आणि दुसऱ्या किनाऱ्यावर शिवी का व्हावा? याचे उत्तर व्याकरणात सापडत नाही. ते मजुरीच्या इतिहासात सापडते. म्हणूनच कामगारांच्या अभ्यासवर्गात एका शब्दाची चिकित्सा करणे अप्रस्तुत ठरू नये.

तीन मुळे

हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोघा इंग्रज विद्वानांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात राहणाऱ्या साहेबांच्या रोजच्या बोलीत जे देशी शब्द मोडूनतोडून रुळले होते, त्यांचा तो संग्रह. त्यात ‘कुली’ची नोंद आहे आणि तिच्या मुळाविषयी तीन मते पुढे ठेवलेली आहेत. ती तिन्ही पाहण्यासारखी आहेत, कारण प्रत्येक मतात या देशाच्या इतिहासाचा एक तुकडा दडलेला आहे.

पहिले मत असे की, हा शब्द ‘कोळी’ या जमातीच्या नावावरून आला. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः गुजरातेत, पोर्तुगीजांची आणि नंतर इंग्रजांची कोळ्यांशी गाठ पडली. ओझी वाहण्याच्या आणि अंगमेहनतीच्या कामाला हे लोक मिळत. मग एका जमातीचे नाव सर्व ओझेकऱ्यांना लावले गेले. कोशकारांचा कल याच मताकडे होता. जातीवरून काम आणि कामावरून जात ठरवण्याची सवय आपल्या समाजाला होतीच. परदेशी व्यापाऱ्याने तीच उचलली आणि आपल्या हिशेबाच्या वहीत नोंदवून टाकली.

दुसरे मत तुर्की भाषेकडे बोट दाखवते. तुर्कीत ‘कुल’ म्हणजे दास. गोवळकोंड्याच्या सुलतानांच्या नावात येणारा ‘कुली’ तो हाच. हैदराबाद शहर वसवणारा महंमद कुली कुतुबशहा आपल्या नावातच स्वतःला दास म्हणवीत असे. अर्थात तो भक्तिभाव होता. सुलतानाने स्वतःला दास म्हटले तर ती नम्रता ठरते आणि हमालाला कोणी दास म्हटले तर ती त्याची पायरी ठरते, इतकेच या दोन ‘कुलीं’त अंतर.

तिसरे मत सर्वांत साधे आणि सर्वांत बोलके आहे. तमिळमध्ये ‘कूलि’ म्हणजे मजुरी, केलेल्या कामाचा मोबदला. तेलुगू, कन्नड आणि मलयाळम या भाषांतही हा शब्द त्याच अर्थाने नांदतो. सोलापूर-अक्कलकोटकडच्या कानडी बोलणाऱ्या शेतमजुराला तो अर्थ कोशात शोधावा लागत नाही. मजुरी घेऊन काम करणाऱ्याला तमिळमध्ये ‘कूलियाळ’ म्हणतात. ‘आळ’ म्हणजे माणूस. ‘कूलियाळ’ म्हणजे मजुरीचा माणूस, ज्याचे काम झाले की ज्याला दाम द्यावे लागते असा.

पश्चिम किनाऱ्यावरचे जमातीचे नाव आणि दक्षिणेतले मजुरीचे नाव हे दोन प्रवाह साहेबाच्या जिभेवर एकत्र आले, असे मानणे वस्तुस्थितीला धरून होईल. पण त्या जिभेवर काय घडले ते नीट ध्यानात घेतले पाहिजे. शब्दातला ‘आळ’, म्हणजे माणूस, उरला नाही. आणि अर्थातली ‘कूलि’, म्हणजे मजुरी, तीही उरली नाही. उरले ते केवळ ओझे.

पुढे हा शब्द चीनमध्ये गेला, तेव्हा तो लिहिण्यासाठी तिथे दोन चिन्हे योजली गेली. उच्चार ‘कू-ली’ आणि अर्थ ‘कडू कष्ट’. चिनी लेखनिकाने ध्वनी जुळवता जुळवता कोशकारांपेक्षा खरा अर्थ लिहून ठेवला.

गुलामगिरीची रिकामी जागा

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ साली झाला. उसाच्या मळ्यांचे मालक अडचणीत आले. त्यांना गुलामांबद्दल सरकारी तिजोरीतून नुकसानभरपाई मिळाली. मुक्त झालेल्या गुलामांना मात्र एक छदामही मिळाला नाही. मळे चालवायला माणसे हवी होती आणि ती स्वस्त हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ या जहाजातून कलकत्त्याहून आलेले ३६ मजूर मॉरिशसच्या किनाऱ्यावर पोहोचले. छोटा नागपूरच्या डोंगरी मुलखातून आलेल्या अशा आदिवासींना त्या काळच्या सरकारी कागदपत्रांत ‘पहाडी कुली’ म्हटलेले आहे. १८३८ च्या मे महिन्यात ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही जहाजे ब्रिटिश गयानाला पोहोचली. ही माणसे मागवणाऱ्यांत जॉन ग्लॅडस्टन हा मळेवाला प्रमुख होता. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा तो पिता. त्यानंतर १८४५ साली त्रिनिदाद, १८६० साली नाताळ, १८७३ साली सुरीनाम, १८७९ साली फिजी असा हा ओघ वाहत राहिला. भरती बंद होईपर्यंत बारा लाखांहून अधिक भारतीय माणसे अशी समुद्रापार नेली गेली. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत कोकणची माणसे होती. त्यांचे मराठीभाषी वंशज आजही तिथे आहेत आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

कागदावर हा गुलामीचा व्यवहार नव्हता. तो करार होता. मुदत सामान्यतः पाच वर्षांची, वेतन ठरलेले. परंतु करार मोडल्यास मालकाला दिवाणी न्यायालयात जावे लागे, आणि मजुराला मात्र फौजदारी शिक्षा भोगावी लागे. मॉरिशसमध्ये एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई. नाताळमध्ये पहिल्या वर्षी महिन्याला १० शिलिंग मिळत आणि दर वर्षी एक शिलिंगाची वाढ होई. देशाच्या आतही स्थिती निराळी नव्हती. १८८२ च्या कायद्याने आसामच्या चहामळेवाल्यांना पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार दिला होता. ज्या शब्दाचा मूळ अर्थ ‘मजुरी’, त्या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाला मजुरी मागण्याची सोय राहिली नाही. शब्दाचा अपभ्रंश होतो असे भाषाशास्त्र सांगते; इथे व्यवहाराचा अपभ्रंश झाला होता आणि शब्दाने त्याचे अनुकरण केले.

मालकाने दिलेले नाव, मजुराने घडवलेले नाव

या माणसांनी स्वतःला काय म्हटले हे पाहणे उद्बोधक आहे. करारनाम्याला इंग्रजीत असलेला ‘अ‍ॅग्रिमेंट’ हा शब्द त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाला आणि तो करार करून आलेला माणूस ‘गिरमिटिया’ झाला. एका जहाजातून आलेल्यांनी एकमेकांना ‘जहाजी भाई’ म्हटले आणि हे नाते जातीपलीकडचे मानले. ‘कुली’ या नावात मालकाची नजर होती. ‘गिरमिटिया’ या नावात कराराची आठवण होती, म्हणजे दुसऱ्या पक्षानेही काही कबूल केले होते याची आठवण होती. निरक्षर माणसांनी घडवलेला हा शब्द कायद्याच्या दृष्टीने अधिक अचूक होता.

स्त्रियांची तर दुहेरी कोंडी होती. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठवल्या पाहिजेत, असा भरतीचा नियम झाला आणि संख्या भरण्यासाठी दलालांनी फसवणुकीचे सर्व मार्ग वापरले. फिजीतील कुंती नावाच्या स्त्रीने मुकादमाच्या अत्याचारातून सुटण्यासाठी नदीत उडी घेतली. तिची हकीकत कलकत्त्याच्या ‘भारत मित्र’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली, तेव्हा देशभर संताप उसळला. गिरमिटिया म्हणून फिजीत राहिलेल्या तोताराम सनाढ्य यांचे अनुभवकथन १९१४ साली हिंदीत प्रसिद्ध झाले आणि त्या संतापाला पुराव्याचे बळ मिळाले.

‘आम्ही कुली नव्हे’

मोहनदास गांधी १८९३ साली दरबानला उतरले, तेव्हा त्यांना ‘कुली बॅरिस्टर’ हे नाव मिळाले. गोऱ्यांच्या लेखी हिंदी माणूस म्हणजे कुली. मग व्यापारी तो कुली व्यापारी आणि वकील तो कुली वकील. आत्मकथेत गांधींनी नोंदवले आहे की, या अपमानातून सुटण्यासाठी मुसलमान व्यापारी स्वतःला अरब म्हणवीत आणि पारशी स्वतःला इराणी म्हणवीत. दुसरे हेटाळणीचे नाव ‘सामी’. तमिळ नावांच्या शेवटी येणाऱ्या ‘स्वामी’चे हे रूप. त्यावर एखादा हजरजबाबी हिंदी माणूस गोऱ्याला सुनावी की, सामी म्हणजे धनी, आणि मी काही तुझा धनी नव्हे!

इथे एक कटू गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. प्रतिष्ठित व्यापाऱ्यांची सुरुवातीची तक्रार अशी होती की, आम्हाला कुली समजतात. कुलीला असे का वागवतात, ही त्यांची तक्रार नव्हती. अपमान वाटला तो कुलीच्या रांगेत उभे केल्याचा. अशा लढ्याला पाय फुटत नाहीत. गांधींच्या कामाला वेगळे वळण लागले ते बालसुंदरम नावाचा गिरमिटिया मजूर मालकाने दात पाडलेल्या अवस्थेत, मुंडासे हातात घेऊन त्यांच्या दारी आला तेव्हापासून. गोऱ्यांसमोर मुंडासे उतरवण्याची त्याला सवय लागली होती. गांधींनी त्याला ते पुन्हा बांधायला लावले.

नाताळ सरकारने १८९५ साली कायदा केला की, गिरमिट संपल्यावर जो मजूर परत जाणार नाही आणि नवा करारही करणार नाही, त्याने वर्षाला ३ पौंड कर भरावा. ३ पौंड म्हणजे ६० शिलिंग. पाचव्या वर्षी महिन्याला १४ शिलिंग मिळवणाऱ्या माणसाला हा कर चार महिन्यांच्या वेतनाहून जास्त होता. मोकळे राहण्याची किंमत इतकी ठेवली की माणसाने आपणहून पुन्हा बांधून घ्यावे, हा त्याचा हेतू. १९१३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतील हिंदी मजुरांनी या कराविरुद्ध संप पुकारला. नोव्हेंबरात दोन हजारांवर माणसे, त्यांत बायामुले, ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे चालत निघाली. संपाचे लोण उसाच्या मळ्यांत पोहोचले. १९१४ साली कर रद्द झाला. वीस वर्षांचे अर्ज आणि शिष्टमंडळे यांना जे साधले नव्हते, ते ‘कुली’ म्हणून हिणवलेल्या माणसांच्या संपाने साधले.

या कामी महाराष्ट्राचाही वाटा आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली केंद्रीय कायदेमंडळात मांडलेल्या ठरावामुळे नाताळसाठी मजूरभरती थांबवण्याचा मार्ग खुला झाला. १९१२ साली त्यांनी गिरमिट पद्धतीच पूर्णपणे रद्द करावी असा ठराव आणला; सरकारी मतांच्या बळावर तो फेटाळला गेला. पाच वर्षांनी, १९१७ साली, त्याच सरकारला भरती बंद करावी लागली आणि १९२० च्या आरंभी उरलेले करार संपुष्टात आले. तो दिवस पाहायला गोखले हयात नव्हते.

मजुरांनीच मजुरांविरुद्ध

कामगार चळवळीने या शब्दाच्या इतिहासातील आणखी एक पान विसरू नये. ते पान कॅलिफोर्नियाचे आहे. तिथल्या चिनी मजुरांविरुद्ध १८६२ साली राज्याने कायदा केला, तो ‘कुलीविरोधी कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. त्यान्वये काम करणाऱ्या चिनी माणसावर महिन्याला अडीच डॉलरचा कर बसवला गेला. १८७७ पासून या द्वेषाचा झेंडा ज्या पक्षाने खांद्यावर घेतला, त्याचे नाव होते ‘वर्किंगमेन्स पार्टी’, म्हणजे श्रमिकांचा पक्ष. डेनिस कर्नी हा त्याचा पुढारी स्वतः आयर्लंडहून आलेला स्थलांतरित होता. चिनी मजूर कमी वेतनावर राबतो म्हणून आमचे वेतन पडते, असा त्यांचा युक्तिवाद. त्याचे वेतन वाढवा, अशी मागणी करण्याऐवजी त्याला हाकला, अशी मागणी झाली आणि १८८२ साली चिन्यांना प्रवेशबंदी करणारा कायदा झाला. त्याने गोऱ्या कामगाराचे राज्य आले नाही. कमी मजुरीत राबणारा माणूस आपला शत्रू आहे असे ज्या क्षणी कामगार समजू लागतो, त्या क्षणी तो मालकाची भाषा बोलू लागतो. आपल्या शहरांत परप्रांतातून आलेल्या मजुराला जी नावे ठेवली जातात, ती ऐकताना कॅलिफोर्नियाची आठवण ठेवावी.

सरयूत बुडालेली रजिस्टरे

कुमाऊँच्या डोंगरांत या शब्दाने तर कळस गाठला. साहेब दौऱ्यावर निघाला की त्याचे सामान वाहण्यासाठी गावकऱ्यांना पाळीपाळीने धरून नेले जाई. या पद्धतीला ‘कुली-बेगार’ म्हणत. ‘कुली’ म्हणजे मजुरी आणि ‘बेगार’ म्हणजे बिनमजुरीचे काम. दोन परस्परविरोधी शब्द जोडून सरकारने एक रिवाज चालवला. गावच्या प्रधानाकडे कुलींची रजिस्टरे असत. १९२१ च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत हजारो लोक जमले. बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाहन केले, लोकांनी सरयूचे पाणी हातात घेऊन बेगार न करण्याची शपथ घेतली आणि ती रजिस्टरे नदीत फेकून दिली. कुमाऊँच्या लोकांनी ‘कुली’ या शब्दाला पर्यायी नाव सुचवले नाही. त्यांनी यादीच बुडवली.

नाव बदलले, पुढे काय?

सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात घोषणा झाली की, स्थानकांवरील कुलींना यापुढे ‘सहायक’ म्हणावे. हेतू चांगला होता; त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. गुलामीच्या काळाचा वास असलेला शब्द सरकारी कागदावरून जावा, हे योग्यच. परंतु हा सहायक रेल्वेचा नोकर नाही. तो परवानाधारक आहे. त्याचा दर रेल्वे ठरवते, बिल्ला रेल्वे देते, वेतन मात्र देत नाही. उतारू आला तर कमाई, नाही तर रिकाम्या हाताने घर.

याच्या शेजारी मराठी मुलखातला दुसरा शब्द ठेवून पाहावा. ‘हमाल’ हा मूळ अरबी शब्द; अर्थ, ओझे वाहणारा. त्यालाही हेटाळणीचा वास होताच. ‘हमाली’ म्हणजे बिनडोक काम असे सुशिक्षित माणूस आजही सहज बोलून जातो. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी नाव बदलले नाही. त्याच नावाची संघटना केली आणि पाटी लावली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथ्यावर ओझे वाहणाऱ्यांना संघटित केले. या रेट्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ. कामगारांची आणि मालकांची नोंदणी. मजुरी व तिच्यावरची लेव्ही मालकाने मंडळात भरायची आणि मंडळाने कामगाराला वेतन, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी द्यायचे, अशी ही रचना. कायम मालक नसलेल्या माणसालाही हक्क असू शकतात, हे तिने सिद्ध केले. त्या कायद्याच्या अंमलबजावणीत उणिवा आहेत, पळवाटा काढणारे आहेत. तरीही ‘हमाल’ या शब्दाला जी मान वर करून उभे राहण्याची ताकद आली, ती या कायद्याने आणि त्यामागच्या संघटनेने दिली.

मराठीत रोज वापरला जाणारा ‘मजूर’ हा शब्दही मूळचा फारसी. त्यातल्या ‘मुज्द’चा अर्थ मोबदला. म्हणजे ‘मजूर’ आणि ‘कूलियाळ’ हे एकाच अर्थाचे दोन शब्द. एक सन्मानाने ‘शेतमजूर’, ‘मजूर पक्ष’ असा संघटनांच्या नावात बसला, दुसरा शिवी होऊन जगभर फिरला. फरक मुळात नव्हता. मोबदला मागण्याची ताकद कोणाजवळ राहिली, यात होता.

आज नवा शब्द आला आहे. मोटारसायकलवरून घरोघरी जेवण आणि सामान पोहोचवणाऱ्या तरुणाला कंपन्या ‘पार्टनर’ म्हणतात. पार्टनर म्हणजे भागीदार. नफ्यात त्याचा भाग नाही, दर ठरवण्यात त्याचा शब्द नाही, अपघात झाला तर जोखीम मात्र त्याची. जुन्या साहेबाने माणसाला हीन नाव दिले आणि मजुरी बुडवली. नव्या कंपनीने माणसाला उंची नाव दिले आणि तो मजूर आहे हेच नाकारले. मजूर नाही, तर मग मजुरीचा, रजेचा, विम्याचा प्रश्नच कुठे येतो? २०२३ साली राजस्थानने अशा कामगारांसाठी कल्याण मंडळाचा आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क घेण्याचा कायदा केला. माथाडी कायद्याशी त्याचे नाते उघड दिसते.

जुन्या जखमेवर काही ठिकाणी वेगळा उपचारही होत आहे. मॉरिशसचे कवी खल तोराबुली यांनी ‘कुलीट्यूड’ हा शब्द घडवून त्या नावाला वारशाचा अर्थ दिला. गयानात जन्मलेल्या लेखिका गायत्रा बहादूर यांनी १९०३ साली कलकत्त्याहून एकटीने निघालेल्या आपल्या पणजीचा शोध घेतला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाच्या नावात ‘कुली’ हा शब्द जाणीवपूर्वक ठेवला. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावरून लाखो गिरमिटिया उतरले, तो कधीकाळचा ‘कुली घाट’ आज ‘आप्रवासी घाट’ आहे आणि २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथल्या सोळा पायऱ्या मात्र त्याच आहेत.

मित्रहो, शब्द टाकावा की ठेवावा, हा निर्णय ज्यांनी तो सोसला त्यांचा. बाकीच्यांचे काम वेगळे आहे. समोरच्या माणसाला कुली म्हटले, सहायक म्हटले किंवा पार्टनर म्हटले, तरी विचारायचा प्रश्न एकच : याची ‘कूलि’ किती, ती कोण ठरवते, आणि ती न मिळाल्यास याने कोणाच्या दारात जायचे? हे दार जोवर उघडत नाही, तोवर त्या शब्दाची मजुरी थकलेलीच आहे.